नवी रायफल आली आणि स्कोर खाली गेला: पहिल्या महिन्यात काय खरं मानायचं?

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगी सोळा वर्षांची, 10 मीटर एअर रायफल खेळते. क्लबच्या जुन्या रायफलवर साठ शॉटला 612 च्या आसपास मारत होती. कापसाचे पैसे आणि पतसंस्थेचं कर्ज मिळून त्यांनी तिच्यासाठी ॲल्युमिनियम स्टॉकची नवी जर्मन रायफल घेतली. पहिल्या आठवड्यात स्कोर आला 604. लेकीचं म्हणणं असं, की रायफल पुढून जड लागते, ट्रिगर कळायच्या आत सुटतो आणि शॉट सगळे वर डावीकडे जातात. शिवाय रायफलला लागणाऱ्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचा काटा रात्रीतून खाली येतो. रायफल खराब निघाली का, परत करावी का, आणि पाच आठवड्यांनी बालेवाडीला स्पर्धा आहे तिथे कोणती रायफल न्यावी, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी त्या आठ गुणांकडे बघू, कारण घरातली झोप त्यांनीच उडवलेली दिसते. साठ शॉटमागे 8 गुण म्हणजे एका शॉटला साधारण 0.13. टार्गेटवर एका रिंगेतून दुसऱ्या रिंगेत जायला 2.5 मिलिमीटर लागतात, आणि गुण दशांशात मोजतात, म्हणजे दशांशाचं (0.1 गुणाचं) एक घर पाव मिलिमीटरचं. हिशेब मांडा: तुमच्या मुलीचा सरासरी शॉट जुन्या रायफलपेक्षा एक तृतीयांश मिलिमीटरने बाहेर पडतो आहे. दहा मीटरवरून, उभं राहून, पाच किलोच्या घरातलं वजन तोलत. ज्या वस्तूवर गाल, खांदा, मनगट आणि बोट यांची प्रत्येक जागा बदलली, तिच्यावर पहिल्याच आठवड्यात एवढाच फरक पडला, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा. 612 म्हणजे शॉटला सरासरी 10.2. अशा शॉटचा मध्य केंद्रापासून पावणेदोन ते दोन मिलिमीटरवर असतो. आता चांगली मॅच रायफल क्लॅम्पमध्ये आवळून, तिला मानवणाऱ्या छऱ्यांनी मारली, तर ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडांनी मोजून 5 मिलिमीटरच्या आसपास येतो. छर्रा मुळात 4.5 चा. म्हणजे रायफलचा स्वतःचा फैलाव अर्धा मिलिमीटर. उरलेलं सगळं पोझिशन, होल्ड (रायफल स्थिर धरणं), ट्रिगर आणि नजर. त्यामुळे 604 या आकड्यावरून रायफल चांगली की वाईट हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

म्हणून नवी रायफल घेतलेल्या प्रत्येक घराला मी एकच सांगतो. पहिल्या दिवसांत जे जाणवतं त्याचे दोन ढीग करा. यंत्राबद्दलचं जे काही असेल, म्हणजे हवा गळणं, स्क्रू सैल असणं, ट्रिगरची जागा बदलत राहणं, साइटचे (नेम धरायच्या भिंगाविना दुर्बिणीसारख्या भागाचे) स्क्रू फिरवताना क्लिक न पाळणं, ते पहिल्या दिवसापासून खरं माना आणि लगेच तपासा. स्कोर, होल्ड, ‘जड’, ‘परकी’, ‘हलते’ हे सगळं महिनाभर खरं मानू नका. तुमच्या चार तक्रारींपैकी एकच पहिल्या ढिगात जाते, ती सिलिंडरची. ट्रिगरची निम्मी जाते.

सिलिंडरपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडच्या उन्हात याच बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज होतात. बंद भांड्यातल्या हवेचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पारा 42 असताना तुम्ही 200 बार भरलेत आणि पहाटे घरात 26 अंश असताना काटा बघितलात, तर तो 190 च्या आसपास दिसणारच. एक बुडबुडाही बाहेर गेलेला नसतो. शिवाय भरताना हवा दाबली जाते तेव्हा सिलिंडर स्वतः तापतो. घाईने भरलेला सिलिंडर हाताला गरम लागतो आणि अर्ध्या तासात काटा उतरतो. तेव्हा तपासणी अशी करा: संध्याकाळी सावकाश भरा, रायफलला न जोडता कपाटात ठेवा, आणि दोन दिवस पहाटे एकाच वेळेला काटा बघून लिहा. दोन्ही पहाटेंचा आकडा सारखा असेल तर सिलिंडर ठीक आहे. मग तोच प्रयोग रायफलला जोडून करा. जोडल्यावरच दाब उतरत असेल तर सील किंवा रेग्युलेटरकडे बोट जातं. ते काम विक्रेत्याचं, वॉरंटीतलं. स्वतः उघडू नका आणि गावातल्या कुणा हुशार मिस्त्रीलाही उघडू देऊ नका.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. पहाटे थंडाव्यात काठोकाठ 200 भरला आणि दुपारी बंद गाडीत ठेवला, तर आत 55 अंशाला दाब 220 च्या जवळ जातो. म्हणून मार्च ते जून मी 180 च्या वर भरू देत नाही. एका मॅचला तेवढी हवा पुरून उरते. गाडीच्या डिकीत, एसटीच्या टपावर, खिडकीतल्या उन्हात सिलिंडर ठेवायचा नाही. त्याच्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते, ती आजच वहीत लिहा, कारण दहा वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही. नवी रायफल विकत घेताना सिलिंडर जुन्या तारखेचा तर नाही ना, हेही त्यावरूनच कळतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. हवा भरायची सोय जवळ नाही म्हणून वेल्डिंगवाल्याकडच्या किंवा दवाखान्यातल्या ऑक्सिजनने सिलिंडर भरायचा विचार कधीही, कुणीही सुचवला तरी, करायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक ठिपका एवढं स्फोटाला पुरतं. भरायची ती कोरडी, स्वच्छ हवाच, स्कूबा टँकमधून, म्हणजे पाणबुडे वापरतात त्या हवेच्या टाकीतून. भरण्याच्या तोंडाला तेल लावायचं नाही. आपल्याकडे टँक भरून आणायला लांब जावं लागतं हे मला माहीत आहे. दोन-तीन पालकांनी मिळून मोठा टँक घेतला तर फेऱ्या वाचतात. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात ओलावा आत जातो, त्यामुळे ओलावा धरणारा फिल्टर नसलेला पंप मी वापरू देणार नाही.

आता ट्रिगर. दहा मीटर रायफलला ट्रिगरच्या किमान वजनाची अट नाही, त्यामुळे कंपन्या तो खूप हलका करून पाठवतात. क्लबची रायफल दहा हातांतून गेलेली असते. तिचा ट्रिगर कुणीतरी कधीतरी जड करून ठेवलेला असतो आणि लेकरांच्या बोटाला त्याचीच सवय. मग नव्या रायफलवर ट्रिगरचा पहिला मोकळा टप्पा संपून बोटाला भिंत, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा अडथळा, लागायच्या आतच शॉट निघून जातो. हा दोष नव्हे. मॅन्युअल काढा, दुसऱ्या टप्प्याचं वजन थोडं वाढवा, इतकं की भिंतीवर बोट टेकवून मुलगी दोन श्वास निवांत उभी राहू शकेल. हलकं करणं नंतर, महिन्याभराने, अर्ध्या अर्ध्या आट्याने.

पण तपासायचं ते तपासा. रायफल रिकामी, ड्राय फायरवर (छर्रा न सुटता नुसता ट्रिगर चालेल अशी) लावलेली, तोंड सुरक्षित दिशेला. कॉक करा, बोट बाहेर ठेवा आणि बटच्या मागून तळहाताने थापटा. सुटला तर सेटिंग फारच बारीक आहे किंवा खाच नीट धरत नाही. रायफल खाली ठेवा आणि विक्रेत्याला फोन करा. नाही सुटला तर डोळे मिटून वीसेक वेळा ड्राय करायला लावा आणि विचारा, भिंत दर वेळी त्याच जागी लागते का. सोळा वर्षांच्या बोटाला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तिने ‘हो’ म्हटलं की ट्रिगरचा विषय यंत्राच्या ढिगातून काढून टाका.

ट्रिगरच्या पातीची, म्हणजे बोटाने दाबायच्या पट्टीची, जागाही बघा. ती रुळावर पुढे-मागे सरकते. रायफल मोठ्या हाताच्या मापाने लावलेली आली असेल तर मुलीचं बोट पातीपर्यंत ताणून जातं, टोकाने दाबलं जातं, आणि दाब सरळ मागे न येता बाजूला जातो. पाती मागे घ्या. बोटाच्या पहिल्या पेराची गादी तिच्यावर सपाट बसली पाहिजे आणि मनगट तिथे पोहोचण्यासाठी वळलेलं नको.

खरं काम इथून पुढे आहे, फिटिंगचं. यात घाई केली की दीड वर्ष पोझिशन बिघडते, म्हणून जरा तपशिलात जातो. जॅकेट-पँट घालून तिला रेषेवर उभी करा. समोर टार्गेट नको, नुसती भिंत असू दे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, मान सैल सोडून गाल चीकपीसवर (गाल टेकवायच्या भागावर) आपोआप पडू द्यायचा. दोन श्वास. मग डोळा उघडायचा आणि काहीही न हलवता सांगायचं, डोळ्याजवळच्या पीप साइटच्या भोकातून नळीच्या टोकाच्या फ्रंट साइटचा गोल कुठे दिसतो. बहुतेकांना तो मधोमध दिसत नाही. वरच्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा कापलेला दिसतो, आणि दिसल्याबरोबर मान नकळत खाली जाते, गाल दाबला जातो, गोल मधोमध येतो. ती अर्ध्या सेकंदाची मानेची हालचाल बघायला तुम्ही बाजूला उभे राहा. ती दिसली की समजा, चीकपीस तिच्या मापाचा नाही. तो वर घ्यायचा की खाली, आत की बाहेर, हे चंद्रकोर कुठल्या बाजूला आहे त्यावरून ठरतं. एका वेळी पट्टीवरची एकच खूण सरकवायची, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं. मान न हलवता गोल मधोमध दिसेपर्यंत छऱ्यांचा डबा उघडायचासुद्धा नाही.

मग बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग: खांद्याच्या खोबणीत तिचा बाक पूर्ण बसला पाहिजे, आणि बटची लांबी इतकीच की डोकं सरळ राहील. मुलींना रायफली बहुतेक वेळा लांब पडतात. डोकं पुढे ताणलं जातं, डोळा पीप साइटपासून लांब राहतो आणि मग सगळंच परकं वाटतं. शेवटी पुढच्या हाताखालचा टेकू, ज्याच्या उंचीने रायफल टार्गेटच्या पातळीला येते. रायफल वर उचलण्यासाठी खांदा किंवा पाठ मागे कलते आहे असं दिसलं तर टेकू वाढवा. वाढत्या वयाच्या पाठीवर तो कल रोज पडतो आणि पुढे महागात जातो.

प्रत्येक बदल वहीत लिहा: तारीख, कुठला स्क्रू, किती खुणा, का. आणि दिवसाला एकच बदल. ज्या घरात वडील, क्लबचा सिनियर आणि यूट्यूब असे तिघे एकाच संध्याकाळी पान्हा फिरवतात, तिथे चांगली रायफल महिनाभरात कुणालाच ओळखू येत नाही. नव्या रायफलचे स्क्रू पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात, म्हणून दर आठवड्याला सगळे तपासा, पण मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीनेच आवळा.

शॉट वर डावीकडे जातात ही तक्रार मी जवळजवळ सोडून देतो. तिचा ग्रुप एका जागी जमतोय का, एवढंच महत्त्वाचं. साइट बसवली की ती तिच्या डोळ्यासाठी आणि गालाच्या दाबासाठी झिरो करावीच लागते, म्हणजे शॉट मध्यावर पडतील अशी लावावीच लागते. वर सांगितलेली चीकपीसची जुळवणी झाल्यावर झिरो पुन्हा बदलेल, तेव्हा आता क्लिकमागे पळू नका. बहुतेक जर्मन साइटवर उंच गेलेल्या शॉटसाठी ‘एच’ लिहिलेल्या दिशेला फिरवायचं असतं. गोंधळ झाला तर पाच क्लिक फिरवून बघा, लगेच कळेल. साइटची तपासणी मात्र जरूर करा: पाच शॉट, मग दहा क्लिक उजवीकडे आणि पाच शॉट, मग दहा क्लिक परत आणि पाच शॉट. तिसरा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. क्लॅम्प नसेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवून करा.

फ्रंट साइटची रिंग बदलायची वेळ आली असण्याची शक्यता बरीच आहे. टार्गेटचा काळा भाग 30.5 मिलिमीटरचा. फ्रंट साइट डोळ्यापासून 85 सेंटिमीटरवर असेल तर तिथे तो काळा गोल 2.6 मिलिमीटरएवढा दिसतो. नव्या रायफलीला नळीपुढे ट्यूब असते, फ्रंट साइट पुढे जाते. मीटरभरावर गेली की तोच गोल 3 मिलिमीटर व्यापतो. म्हणजे जुन्या रायफलवर जी 3.8 ची रिंग मोकळी वाटत होती ती नव्यावर कोंदटते. भोवती पांढरं कमी उरतं, गोल सतत कडेला लागल्यासारखा दिसतो आणि पोरगी म्हणते, ‘रायफल हलते’. होल्ड तेवढाच असतो. 4.2 किंवा त्याहून मोठी रिंग लावून दोन दिवस बघा.

‘पुढून जड’ यातलं बरंचसं त्या ट्यूबचं आहे, थोडं टेकूच्या जागेचं. नियमाने रायफल 5.5 किलोपर्यंत चालते, पण ती मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. पुढे लावलेली सुटी वजनं असतील तर सगळी काढून ठेवा. काही महिन्यांनी, तिचा होल्ड शांत झाल्यावर, एकेक परत लावून बघता येतील. मोठे नेमबाज पुढे वजन लावतात हे खरं, पण त्यांची पाठ, मांड्या आणि वय वेगळं असतं.

छऱ्यांबद्दल थोडक्यात. खोक्यात कारखान्याचं टेस्ट कार्ड असेल, ते भिंगाखाली बघा आणि जपून ठेवा. रायफलला काय जमतं याचा तो एकमेव निष्पक्ष पुरावा आहे. 4.49, 4.50, 4.51 अशा मापांत छर्रे येतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. पण आज 10.2 च्या पातळीवर महागड्या बॅच टेस्टिंगवर पैसे घालू नका. एकाच बॅचचे चांगल्या कंपनीचे मॅच छर्रे सहा महिन्यांचे घ्या, म्हणजे बदलणाऱ्या गोष्टींतली एक कमी होईल. सराव झाल्यावर हात साबणाने धुवायला लावा, शिसं आहे ते.

लायसन्सचंही तुम्ही ओझरतं विचारलंत. 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 जूलच्या आत ताकद असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. मॅच रायफलची ताकद 8 जूलच्या आसपास असते. प्रवासात बिल आणि असोसिएशनचं कार्ड जवळ ठेवा, नळीत सेफ्टी फ्लॅग घाला आणि रायफल केसमधून बाहेर काढू नका. तपोवन एक्सप्रेसच्या डब्यात कुतूहलाने कुणी ‘दाखवा की’ म्हणालं तरी नाही.

परत करण्याबद्दल: वर सांगितलेल्या तीन तपासण्या, म्हणजे सिलिंडर, ट्रिगर थापटून बघणं आणि साइटचे क्लिक, या वॉरंटी आणि परतीची मुदत चालू असेपर्यंत उरकून घ्या. तिन्ही पास झाल्या तर रायफल ठेवा. स्कोर हे परत करण्याचं कारण होत नाही. कर्ज काढून घेतलेली वस्तू आहे म्हणून तुमच्या मनावर दडपण असणार, ते मी समजू शकतो. आपल्या भागात रेंज कमी, मुलांना स्वतःची रायफल मिळणं त्याहून दुर्मिळ. 2024 ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हापासून आपल्याकडच्या किती आईबापांनी ही हिंमत केली ते मी बघतो आहे. म्हणूनच एक विनंती: जेवताना तिला स्कोर विचारू नका. निदान हा महिना. रायफलची किंमत तर तिच्यासमोर अजिबात काढू नका. शॉट सोडताना लेकराच्या बोटावर ते ओझं यायला नको.

बालेवाडीला कोणती न्यायची? पाच आठवडे म्हणजे अगदी हद्दीवरचा काळ आहे. पहिले दहा दिवस फक्त फिटिंग आणि ड्राय, स्कोर लिहायचाच नाही. पुढचे दहा दिवस छर्रे, पण वीस-वीस शॉटचे ग्रुप, टार्गेटवर आकडा झाकून. मग तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी स्पर्धेच्या वेळेत एक पूर्ण मॅच: पंधरा मिनिटं साइटर (न मोजले जाणारे सरावाचे शॉट), 75 मिनिटांत साठ शॉट. 608 च्या वर आली आणि शॉट सुटताच तो कुठे गेला हे ती बरोबर सांगू शकत असेल, तर नवी न्या आणि त्यानंतर स्पर्धेपर्यंत एकही स्क्रू हलवू नका. तसं नसेल तर जुनी न्या, पण मग त्याच दिवसापासून फक्त जुनीवर सराव. एक दिवस ही, एक दिवस ती असं केलंत तर दोन्ही हातातून जातील. क्लबकडे जुनी रायफल त्या आठवड्यासाठी आत्ताच मागून ठेवा, ऐनवेळी ती दुसऱ्या कुणाच्या नावावर गेलेली असते.

सिलिंडरचे दोन पहाटेचे आकडे आणि तिचा बाजूने काढलेला पोझिशनचा फोटो पाठवा, कमरेपासून डोक्यापर्यंत, जॅकेट घातलेला. टेकूची उंची त्यावरून सांगता येईल.